डॉक्टरांच्या पाटीवरची अक्षरं: नागपुरातल्या रुग्णांचे आणि नातेवाइकांचे नेहमीचे प्रश्न

नागपुरातल्या एका सरकारी रुग्णालयात मी समाजसेवा अधीक्षक म्हणून नोकरी केली. केस पेपरच्या खिडकीपासून माझी खोली चार पावलांवर होती. गडचिरोली, गोंदिया, यवतमाळहून आणि पलीकडच्या बालाघाट, छिंदवाड्याहून आलेली माणसं हातात कागदांची पिशवी घेऊन दारात उभी राहायची. पहिला प्रश्न बहुतेकदा एकच असायचा: "मॅडम, कोणाले दाखवायचं?" आजार कळायच्या आधी माणसाला दार कळावं लागतं आणि त्यात फार वेळ जातो. कधी कधी जाऊ नये तेवढा जातो. तेव्हा दिलेली उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. ही माहिती डॉक्टर निवडण्यापुरती आहे, उपचाराचा सल्ला नव्हे.

एमबीबीएस म्हणजे नेमकं किती शिक्षण?

साडेचार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन. पुढे पॅथॉलॉजी, औषधशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र. शेवटी मेडिसिन, सर्जरी, स्त्रीरोग-प्रसूती आणि बालरोग. इंटर्नशिपच्या वर्षात मुलं सगळ्या विभागांतून फिरतात, ग्रामीण भागातही राहतात. त्यानंतरच कायमची नोंदणी मिळते. सरकारी महाविद्यालयातून शिकलेल्यांना एक वर्ष शासकीय सेवेचं बंधपत्रही असतं. आपल्याकडच्या अनेक प्राथमिक आरोग्य केंद्रांत दिसणारे तरुण डॉक्टर हेच.

"नुसतं एमबीबीएस" हा शब्दप्रयोग मला कधीच पटला नाही. ताप, जुलाब, रक्तदाब, साधी जखम, लहान मुलांचा खोकला यांसाठी मोहल्ल्यातला चांगला एमबीबीएस डॉक्टर हे योग्य ठिकाण आहे. घरात कोणाला दमा आहे, कोणाची आजी लकव्यानं गेली, हे त्याला ठाऊक असतं. रामदासपेठेतल्या मोठ्या तज्ज्ञाला ते पहिल्या भेटीत कळणार नाही.

नागपुरात डॉक्टर कुठे घडतात?

सगळ्यात जुनं नाव मेयोचं. हे रुग्णालय १८६२ पासूनचं आहे. आज त्याचं अधिकृत नाव इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय असं आहे आणि महाविद्यालय १९६८ चं आहे. आपण ज्याला फक्त "मेडिकल" म्हणतो ते शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ चं. त्याच्यावरूनच मेडिकल चौक हे नाव पडलं. मिहानमधल्या एम्सची पहिली तुकडी २०१८ मध्ये सुरू झाली. हिंगण्याकडे डिगडोहला लता मंगेशकर रुग्णालयाचं महाविद्यालय आहे. जवळच वर्ध्याला सेवाग्राम आणि सावंगी.

पदवीवर विद्यापीठाचं नाव वेगवेगळं दिसलं की लोक गोंधळतात. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला १९९८ मध्ये स्थापन झालं. त्याआधी शिकलेल्या इथल्या डॉक्टरांच्या भिंतीवर नागपूर विद्यापीठाची पदवी असते, नंतरच्यांच्या भिंतीवर नाशिकची. एम्स स्वतःची पदवी देतं, सावंगीचं विद्यापीठ अभिमत आहे. अभिमत म्हणजे स्वतःची पदवी देण्याची मान्यता असलेलं. यातली कोणतीही पदवी दुसरीपेक्षा कमी मानायचं कारण नाही.

एमडी, एमएस, डीएनबी, डिप्लोमा यांत मोठं कोण?

लोक याकडे शिडीसारखं बघतात, पण हे फाटे आहेत. एमबीबीएसनंतर तीन वर्षं एकाच विषयाचं शिक्षण घेतलं की एमडी किंवा एमएस. ढोबळमानानं औषधाचे विषय एमडीत येतात: मेडिसिन, बालरोग, त्वचारोग, मानसोपचार, छातीचे रोग, भूल, रेडिओलॉजी, पॅथॉलॉजी. चाकूचे विषय एमएसमध्ये: सर्जरी, हाडं, डोळे, कान-नाक-घसा, स्त्रीरोग. म्हणून "एमडी आहेत" एवढं ऐकून थांबू नका, कशाचे एमडी ते बघा. पॅथॉलॉजीचे एमडी आणि हृदयविकारावर औषध देणारे एमडी यांनी तीन वर्षं अगदी वेगळी कामं केलेली असतात.

डीएनबीचा अभ्यासही तीन वर्षांचा, पण परीक्षा राष्ट्रीय परीक्षा मंडळाची (एनबीई). शिक्षण बरेचदा मोठ्या खासगी किंवा ट्रस्टच्या रुग्णालयात होतं. कायद्यानं ती एमडी-एमएसच्या बरोबरीची आहे. "डीएनबी म्हणजे काहीतरी कमी" असं सांगणारे नातेवाईक मला खूप भेटले. ते चूक आहे.

डिप्लोमा दोन वर्षांचा. डीजीओ स्त्रीरोगाचा, डीसीएच मुलांचा, डीए भुलेचा, डीऑर्थ हाडांचा. आता यातल्या बहुतेक जागा पदवीच्या झाल्या आहेत, त्यामुळे डिप्लोमावाले डॉक्टर बहुतेक जुन्या पिढीचे. विदर्भातल्या तालुक्यांमध्ये हजारो बाळंतपणं याच पिढीनं निभावली.

मग सुपरस्पेशालिस्ट कोण?

एमडी-एमएसनंतर आणखी तीन वर्षं शिकलेला. औषधाच्या बाजूला डीएम: हृदय, मेंदू, मूत्रपिंड, पोट, अंतःस्रावी ग्रंथी, रक्त, कर्करोग. शस्त्रक्रियेच्या बाजूला एमसीएच: मूत्रमार्ग, मेंदू, प्लास्टिक सर्जरी, हृदय-छाती, लहान मुलांची सर्जरी, कर्करोग. राष्ट्रीय मंडळाच्या पदवीला डीआरएनबी म्हणतात. बारावीनंतरची वर्षं मोजली तर साडेपाच, तीन आणि तीन मिळून साडेअकरा. मधली प्रवेश परीक्षांची आणि बंधपत्राची वर्षं वेगळीच.

इथे एक जोडी नेहमी उलटी होते. मूत्रपिंड निकामी होत असेल, डायलिसिसचा विषय असेल तर नेफ्रॉलॉजिस्ट. मुतखडा, प्रोस्टेट, लघवी अडकणं यासाठी युरोलॉजिस्ट. मेंदूचंही तसंच. झटके, अर्धांगवायू, कंपवात न्यूरॉलॉजिस्टकडे, तर गाठ आणि डोक्याला लागलेला मार न्यूरोसर्जनकडे.

पाटीवर दहा-बारा अक्षरं असतील तर डॉक्टर जास्त शिकलेले समजायचे का?

नाही. आधी मुख्य पदवी शोधा. बाकीच्यांत काही सहा महिन्यांचे, काही वर्षाचे, तर काही चार-पाच दिवसांच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र असतात. आरोग्य विद्यापीठाची एक वर्षाची फेलोशिप खरीखुरी शिकवणारी असू शकते. काही "फेलो" मात्र केवळ एखाद्या संघटनेचे सदस्यत्व सांगतात.

मधुमेहाचं उदाहरण घ्या. "डायबेटॉलॉजिस्ट" ही स्वतंत्र डीएम पदवी नाही. अंतःस्रावी ग्रंथींचे तज्ज्ञ म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्ट, त्यांची डीएम असते. पाटीवर डायबेटॉलॉजिस्ट लिहिणारे मेडिसिनचे एमडी असू शकतात किंवा एमबीबीएसनंतर प्रमाणपत्र अभ्यासक्रम केलेले असू शकतात. दोघंही साखर उत्तम सांभाळू शकतात. पण वाढत्या वयातल्या मुलाला मधुमेह असेल, थायरॉइडची गाठ असेल किंवा साखर कशानंच आटोक्यात येत नसेल, तर हा फरक महत्त्वाचा ठरतो.

वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार विशेष पात्रता नसताना डॉक्टरला स्वतःला तज्ज्ञ म्हणवता येत नाही. म्हणून "कशात तज्ज्ञ?" हा प्रश्न विचारणं योग्यच आहे.

पाटीवर एमडी आहे, पण आयुर्वेदाचे. म्हणजे काय?

बीएएमएस हा साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे, त्यात इंटर्नशिप धरलेली असते. त्यानंतर तीन वर्षांची आयुर्वेदातली एमडी किंवा एमएस. नागपुरात सक्करदऱ्याचं शासकीय आयुर्वेद महाविद्यालय सगळ्यांना माहीत आहे. होमिओपॅथीची बीएचएमएसही साडेपाच वर्षांचीच. या शाखांच्या नोंदणी परिषदा वेगळ्या आहेत. आयुर्वेदातल्या शल्य (शस्त्रक्रिया) आणि शालाक्य (डोळे, कान-नाक-घसा, दात) विषयांच्या पदव्युत्तर डॉक्टरांना ठरावीक ५८ शस्त्रक्रिया शिकवण्याची अधिसूचना २०२० मध्ये निघाली. होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी आरोग्य विद्यापीठाचा आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. या दोन्हींवरून वाद झाले.

माझं मत स्पष्ट आहे. ज्या पॅथीचे डॉक्टर आहेत ती पाटीवर पूर्ण आणि ठळक लिहिलेली हवी. कंसातला "आयुर्वेद" शब्द बारीक लिहून "एमडी" मोठं लिहिलेलं दिसलं, तर आत जाऊन सरळ विचारा. दुर्गम गावात रात्री दोन वाजता दार उघडणारे बीएएमएस डॉक्टर मी खूप पाहिले आहेत आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. आदर असला तरी रुग्णाला माहिती मिळालीच पाहिजे.

मेडिकलमध्ये, मेयोत शिकाऊ पोरं तपासतात म्हणतात. मोठे डॉक्टर भेटतच नाहीत काय?

या प्रश्नानं लोक सरकारी रुग्णालयातून उठून गेलेले मी पाहिले आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

वॉर्डात पांढऱ्या कोटात तीन प्रकारची तरुण माणसं दिसतात. विद्यार्थी बघतात आणि शिकतात, निर्णय घेत नाहीत. इंटर्न एमबीबीएसची अंतिम परीक्षा पास झालेले असतात. रक्त घेणं, ड्रेसिंग, नोंदी ही त्यांची कामं. तिसरे निवासी डॉक्टर, ज्यांना सगळे रेसिडेंट म्हणतात. ते पूर्ण एमबीबीएस आहेत, नोंदणी झालेले आहेत आणि एमडी-एमएसची तीन वर्षं करत आहेत. बाहेर दवाखाना टाकला असता तर तुम्ही त्यांना आनंदानं "डॉक्टरसाहेब" म्हणाला असता. तिसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटच्या हाताखालून जेवढे साप चावलेले, उष्माघाताचे, अपघाताचे रुग्ण जातात, तेवढे खासगी डॉक्टरला अनेक वर्षांत दिसत नाहीत. आपल्याकडचा मे महिना आठवा म्हणजे कळेल.

त्यांच्या वर सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक आणि युनिटचे प्रमुख. प्रत्येक विभागात युनिट, म्हणजे डॉक्टरांचे गट, असतात आणि प्रत्येक युनिटचे ओपीडीचे वार ठरलेले असतात. हे माहीत नसल्यानं माणूस सोमवारी एका युनिटला दाखवतो, गुरुवारी दुसऱ्याला, आणि दर वेळी गोष्ट पहिल्यापासून सांगतो. मग म्हणतो, "इथं कोणी नीट पाहत नाही." तुमच्या केस पेपरवर युनिट लिहिलेलं असतं. तेवढं नाव आणि वार पाठ करा आणि त्याच वारी या. मोठ्या डॉक्टरांच्या राउंडची वेळ सिस्टरला विचारा आणि त्या वेळी रुग्णाजवळ घरातल्या एकाच जाणत्या माणसानं थांबावं. पाच नातेवाइकांनी पाच वेळा विचारण्यापेक्षा हे फार उपयोगी पडतं.

रेसिडेंटच्या चेहऱ्यावर कधी त्रासिक भाव दिसतो हेही खरं आहे. तो कदाचित काल सकाळपासून झोपलेला नसतो. उद्धट बोलणं मान्य करू नका, पण त्याच्या शिक्षणावर शंका घेऊ नका.

छातीत दुखते, पाठ दुखते, चक्कर येते. कोणाले दाखवू?

आधी ज्यात थांबायचं नाही ते. छातीत दाब, घाम, डावा हात किंवा जबडा दुखणं. अचानक तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोली अडखळणं. अशा वेळी तज्ज्ञ शोधत धंतोलीच्या गल्ल्यांत गाडी फिरवू नका. १०८ ला फोन करा किंवा तातडीचा विभाग चोवीस तास चालणाऱ्या मोठ्या रुग्णालयात थेट जा. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्यात सीटी स्कॅनचा वेळही धरायचा असतो. लक्षण किती वाजता सुरू झालं ते लक्षात ठेवा, डॉक्टर तेच पहिलं विचारतील.

बाकी बहुतेक तक्रारींसाठी फिजिशियन, म्हणजे मेडिसिनचे एमडी, ही चांगली सुरुवात. वजन उतरणं, बरेच दिवस ताप, अशक्तपणा, सूज यांचं मूळ शोधणं हे त्यांचंच शिक्षण. चक्कर आली की लोक मेंदूच्या डॉक्टरकडे धावतात, पण मान वळवली की घर फिरल्यासारखी येणारी चक्कर बरेचदा कानाची असते. पाठदुखीसाठी आधी हाडांचे डॉक्टर चालतात. पायात बधिरता किंवा लघवीवरचा ताबा गेला तर मात्र उशीर नको. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर थुंकीची तपासणी हवी, ती सरकारी दवाखान्यात मोफत होते.

विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, म्हणून त्याचं वेगळं सांगते. रक्तरोगात डीएम केलेले डॉक्टर कमी आहेत आणि रोजच्या औषधासाठी त्यांचीच वाट पाहण्याची गरज नाही. मुलांचा सिकलसेल बालरोगतज्ज्ञ सांभाळतात, मोठ्यांचा फिजिशियन. कुठेही गेलात, कोणत्याही आजारासाठी गेलात, तरी सिकलसेलचं कार्ड आधी पुढे करा. भूल देणाऱ्यालाही ते दाखवलंच पाहिजे.

खर्रा खाऊन तोंड उघडत नाही. कर्करोगाच्या डॉक्टरकडे जायचं काय?

खर्रा म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण. त्यानं बिघडलेल्या तोंडासाठी पहिलं दार दातांच्या डॉक्टरांचं. बीडीएस म्हणजे चार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप. त्यानंतर तीन वर्षांची एमडीएस. तोंडाच्या आतल्या रोगांचे आणि जबड्याच्या शस्त्रक्रियेचे एमडीएस वेगळे असतात. मेडिकलच्या परिसरातल्या शासकीय दंत महाविद्यालयात खर्र्याची ही तोंडं रोज येतात. बोटं तोंडात जात नाहीत, तिखट लागलं की आग होते, पांढरा किंवा लाल चट्टा आहे, जखम तीन आठवडे भरत नाही: यातलं एकही असेल तर दाखवा. गरज पडली तर ते तुकडा तपासतील आणि पुढे कर्करोग शल्यतज्ज्ञाकडे पाठवतील. वीस-बावीस वर्षांची पोरं या तक्रारी घेऊन माझ्या खोलीत बसली आहेत. घरच्यांनी "दात खराब आहेत" म्हणून वर्षभर काढलेलं असायचं.

ऑपरेशनच्या आधी सर्जनशिवाय कोणाची माहिती घ्यावी?

भूलतज्ज्ञाची. सर्जनचं नाव सगळ्यांना पाठ असतं, भूल कोण देणार हे कोणीच विचारत नाही. ऑपरेशन चालू असताना तुमचा श्वास, रक्तदाब आणि हृदय सांभाळणारा माणूस तोच असतो. त्यांचीही तीन वर्षांची एमडी असते किंवा डीए. आदल्या दिवशी त्यांनी रुग्णाला तपासलेलं असावं. दमा, जुनी भूल सोसली नव्हती का, हलणारा दात, चालू औषधं, खर्रा-बिडी हे सगळं त्यांना खरं सांगा. उपाशी राहायला सांगितलं असेल तर चहासुद्धा नाही. छोट्या नर्सिंग होममध्ये भूलतज्ज्ञ बाहेरून येतात, त्यात गैर काही नाही. नाव विचारून ठेवा.

लॅबच्या रिपोर्टवर कोणाची सही हवी?

तपासणी तंत्रज्ञ करतात. त्यांचं शिक्षण डीएमएलटीसारखं असतं आणि त्या कामात ते कुशल असतात. पण रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण झालेल्या डॉक्टरची सही लागते. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. गाठीच्या किंवा तुकड्याच्या तपासणीत तर ही सही नक्की बघा.

सायकिॲट्रिस्ट आणि सायकॉलॉजिस्ट एकच का?

नाही. सायकिॲट्रिस्ट एमबीबीएस होऊन मानसोपचारात एमडी करतात आणि औषध देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मानसशास्त्राचे, त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. ते चाचण्या आणि समुपदेशन करतात, औषध लिहीत नाहीत. बऱ्याच रुग्णांना दोघंही लागतात.

परदेशातून एमबीबीएस करून आलेले चालतात का?

चालतात. इथे येऊन त्यांना राष्ट्रीय मंडळाची परीक्षा द्यावी लागते, ३०० पैकी १५० गुण मिळवावे लागतात, मग इंटर्नशिप. त्यानंतरच नोंदणी. नोंदणी असेल तर ते इतरांसारखेच डॉक्टर.

नोंदणी कशी तपासायची?

आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते. कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव किंवा क्रमांक टाकून शोधता येतं. देशपातळीची यादी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाकडे आहे. हा आयोग २०२० मध्ये जुन्या मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाच्या जागी आला. डॉक्टरच्या चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक छापलेला असणं बंधनकारक आहे. नाव सापडलं तरी एवढ्यावर थांबू नका. एमडी-एमएससारखी पुढची पदवीही तिथे वेगळी नोंदवावी लागते, ती दिसते का बघा. नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण होतं आणि त्यासाठी डॉक्टरांना शिक्षणाचे ३० गुण जमवावे लागतात.

नाव कुठेच सापडलं नाही तर लगेच बोगस म्हणून गावभर करू नका. आडनाव बदललेलं असतं, स्पेलिंग चुकतं, पॅथी वेगळी असते. तरीही शंका राहिली तर शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे आणि ग्रामीण भागात जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या.

हे सगळं विचारलं तर डॉक्टरांना राग येणार नाही?

माझ्या मोठ्या भावाला पाय सुजायचे. घराजवळच्या एका दवाखान्यात दोन वर्षं लघवी वाढवायच्या गोळ्या चालू होत्या. पाटीवर "किडनी आणि मधुमेह" असं लिहिलेलं होतं. मी रोज लोकांना दार दाखवणारी बाई, पण घरच्या माणसाच्या बाबतीत ती पाटी वाचून समाधान मानलं. क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारी रक्ततपासणी) कुठवर गेलंय हे नेफ्रॉलॉजिस्टकडे गेल्यावर कळलं. तोवर डायलिसिसची तारीख ठरवण्याची वेळ आली होती. तो तिथे आधी गेला असता तर काय झालं असतं, हे मला सांगता येत नाही. पण "डॉक्टर, हा तुमचा विषय आहे का, की कोणाला दाखवू?" हे वाक्य मी एकदाही उच्चारलं नाही, याचं दुःख आहे.

ते वाक्य तसंच, त्याच शब्दांत विचारा. चांगले डॉक्टर चिठ्ठी लिहून देतात. मला एका ज्येष्ठ सर्जननी एका रुग्णासमोर सांगितलं होतं की हे ऑपरेशन माझ्यापेक्षा अमुक विभागात चांगलं होईल. त्या माणसाचा त्यांच्यावरचा विश्वास दुप्पट झाला.

दुसरं मत घ्यायला बाहेरगावाहून येतोय. सोबत काय आणू?

आधीच्या दवाखान्याचे कागद मागा. मागितल्यावर ७२ तासांत ते द्यावे लागतात असा नियम आहे. डिस्चार्ज कार्ड, तपासण्या तारखेप्रमाणे लावलेल्या, एक्स-रे किंवा एमआरआयची फिल्म, नुसता रिपोर्ट नव्हे. चालू औषधांची रिकामी पाकिटं पिशवीत टाका, नावं आठवायची गरज राहत नाही. आधार आणि रेशन कार्ड आणा, महात्मा फुले योजनेसाठी लागतात. ओपीडीचा वार फोनवरून किंवा ओळखीच्या माणसाकडून आधी विचारून घ्या. केस पेपरची खिडकी सकाळी लवकर गाठा. आणि चिठ्ठीवर "कशासाठी पाठवलं" ही ओळ आधीच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. ती एक ओळ असली की खिडकीतला माणूस तुम्हाला योग्य विभागाचाच कागद काढून देतो.